५०० पॉइंट दोघांना, तरी तिन्ही डाव एकीकडेच : तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू मंगळवारी सकाळी वाचला. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी तुमचं म्हणणं खरं आहे का ते बघायचं होतं. दोन रात्री घरच्या जेवणाच्या टेबलावर त्यातच गेल्या.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे गृहस्थ तीन रविवार आपल्या दोन्ही मुलांना आमच्याकडे सैनिकांचा टेबलगेम शिकवायला घेऊन आले. या खेळात प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंटांत ठरलेली असते. दोघांना ५००-५०० पॉइंटचं सैन्य दिलं, तरी थोरला तिन्ही डाव हरला आणि तिसऱ्या वेळी रडत जिना उतरला. ‘मी इंजिनिअर आहे, ५०० बरोबर ५०० एवढं मला कळतं. गेमच असमतोल आहे, वर फाशांचा जुगार. बुद्धिबळासारखं दोघांना सारखंच सैन्य द्या.’ आणि काउंटरवरच्या मुलाने ‘नशीब असतं काका’ म्हणून हसून विषय संपवला.

शेवटचं आधी. तो हसला ते चुकलंच. पोरगं रडत असताना हसायचं नसतं, हे त्याला मी सांगितलं आहे. त्याच्या वतीने माफी मागते.

आता मुद्द्याचं. तुमच्या थोरल्याने घोडेस्वारांच्या चार तुकड्या घेतल्या, १२५ ची एक. धाकटीने ५० वाल्या सहा भालेकरी तुकड्या आणि १०० वाल्या दोन तिरंदाज. बेरीज दोन्हीकडे ५००. पण त्या १२५ मध्ये तो नेमके कशाचे पैसे मोजतोय? निम्म्याहून जास्त वेगाचे. घोडा एका पाळीत १२ इंच जातो, पायदळ ६. झाडीत शिरला की घोड्याचे १२ चे ६ होतात. पायदळाला झाडी असली काय, नसली काय, सारखंच. म्हणजे टेबलावर झाडी वाढली की घोड्याची किंमत तीच राहते, पण माल निम्माच हातात येतो.

आणि झाडी मी वाढवली. दुसऱ्या रविवारच्या आधी नवी झाडं तयार झाली होती, दिसायला सुरेख, म्हणून हौसेने दोन झुडपी पट्टे टेबलाच्या मध्यावर मांडले. सजावट म्हणून! पॉइंटचा तक्ता मीच बसवलेला, मोकळं मैदान धरून, आणि मैदान बदललं तेव्हा तक्त्याची आठवण मलाच राहिली नाही.

घरी तपासलं ते असं. माझी दोन्ही मुलं समोरासमोर बसवली. झाडीसकट चार डाव, प्रत्येक डावानंतर सैन्यांची अदलाबदल. चारही वेळा घोडे हरले, कोणाच्याही हातात असले तरी. मग ते दोन पट्टे उचलले आणि आणखी चार डाव लावले : दोन-दोन. आठ डावांनी काही सिद्ध होत नाही हे तुम्हीच मला सांगाल. पण सैन्य बदलून खेळलं की दोष खेळणाऱ्याचा की मांडणीचा, हे बरंचसं कळतं. घरी दोन भावंडं असतील तर हा उपाय फुकट आहे.

त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारचे मिळून ६०० रुपये परत करते. पहिल्या रविवारचे ३०० नाही. त्या दिवशी टेबलावर एकच झाडी होती, तीही कोपऱ्यात. तो डाव मी शेजारी उभी राहून पाहिला आहे. थोरल्याने घोडे एकामागून एक पाठवले, आणि दर वेळी समोर तीन-तीन भालेकरी तुकड्या तयार. आमच्या नियमात घोड्याला चार्ज करताना, म्हणजे धावून तुटून पडताना, ६ फासे मिळतात आणि ३ किंवा जास्त पडला की वार लागतो, म्हणजे सरासरी ४ वार. भाल्यांवर समोरून गेलात तर मात्र ३ फासे, आणि ४ किंवा जास्त लागतो : सरासरी दीड. बाजूने गेलात तर पुन्हा पूर्ण ६ फासे. तो प्रत्येक वेळी समोरूनच गेला. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात घोडा दिल्यावर तो समोरूनच जाणार, त्यात त्याचं काय चुकलं? पण त्याला असमतोल म्हणता येणार नाही.

तुम्ही इंजिनिअर म्हणून एक गंमत. लँचेस्टर नावाचा इंग्रज मोटार इंजिनिअर होता. १९१६ च्या पुस्तकात त्याने मांडलं की दोन्ही बाजू दुरून नेम धरून मारत असतील तर ताकद संख्येच्या वर्गाने मोजायची. ६ तिरंदाज विरुद्ध तसेच ४ तिरंदाज : आपण म्हणतो २ उरतील. कागदावर येतं ३६ वजा १६, म्हणजे २०, आणि त्याचं वर्गमूळ साधारण साडेचार. फाशांनी थोडं इकडेतिकडे होईल. हातघाईला तो हिशोब जसाच्या तसा लागू नाही, पण सैन्य सुटं सुटं पाठवलं की काय होतं ते त्यावरून मुलांना पटकन कळतं. माझ्या मुलीला वर्ग आणि वर्गमूळ शाळेत नव्हे, इथे कळलं.

शिवाय तीन झेंडे सांभाळायचा डाव होता. चार तुकड्या आणि आठ तुकड्या यांत झेंड्यांपाशी उभं राहायला माणसं कोणाकडे जास्त, हे उघड आहे. नुसत्या मारामारीचा डाव असता तर गणित वेगळं झालं असतं. ‘सगळे घोडेच घेणार’ म्हणाला तेव्हाच मी त्याला हे सांगायला हवं होतं. घोड्यांचं रंगकाम इतकं छान उतरलंय की प्रत्येक मुलगा तेच मागतो. मला सवय झाली आहे, आणि सवयीने बोलायचं राहून जातं.

दोघांना सारखंच सैन्य द्या, ही सूचना मात्र मी मानणार नाही. ग्रँडमास्टर विदित गुजराथींच्या गावात, नाशिकात राहून बुद्धिबळाला नावं ठेवायची माझी टाप नाही. पण तिथेही पांढऱ्याची चाल आधी असते आणि त्याचा थोडा फायदा पांढऱ्याला मिळतोच. सारखी सैन्यं दिली की मुलं पॉइंटचा विचारच करत नाहीत, आणि मला शिकवायचा आहे तो हा विचार. वॉरहॅमर हा असाच सैनिकांचा प्रसिद्ध टेबलगेम १९८३ साली आला. चाळीस वर्षं उलटली तरी त्यांची कंपनी तुकड्यांचे पॉइंट अजून वर-खाली करत असते. किंमत एकदा ठरवून मोकळं होता येत नाही, मोठ्या कंपनीलाही आणि मलाही.

फाशांचं म्हणाल तर आपल्याला फासे म्हटलं की शकुनीच आठवतो. पण प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवायला १८२४ मध्ये जो नकाशावरचा युद्धखेळ आला, त्यात नुकसान किती झालं ते फासे टाकूनच ठरवत. आमच्याकडे पैसे लावून कोणी खेळत नाही.

पार्किंगची तक्रार खरी आहे. कॉलेज रोडवर रविवारी मलाही जागा मिळत नाही. मागच्या गल्लीत लावा.

तिसऱ्या डावातली एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही. कदाचित तुम्ही तेव्हा खाली फोनवर होतात. पाचव्या पाळीला तुमच्या थोरल्याने टेप टेकडीच्या कडेने वाकवून धरला, दोनदा मोजलं आणि मला विचारलं, ‘काकू, वळायला किती इंच जातात?’ मग उरलेली एकुलती एक तुकडी टेकडीमागून फिरवून तिरंदाजांच्या पाठीशी आणली. ३ इंच कमी पडले. त्याच ३ इंचांसाठी तो रडला. बहीण जिंकली म्हणून नव्हे. मोकळ्या मैदानात तो पोचला असता, आणि मध्ये होती माझी झाडी.

पुढच्या रविवारी त्याला आणायची इच्छा असेल तर तो डाव माझ्याकडून. दोन्ही सैन्यं धाकटी बनवेल, कोणतं घ्यायचं ते थोरला निवडेल. बर्फीचे तुकडे एकाने करायचे आणि आधी दुसऱ्याने उचलायचा, तसंच. बघा ती किती मोजून मापून बनवते ते. मन लागलं तर त्यानंतर रामशेजचा डाव लावू : गडावर मूठभर, खाली तिप्पट पॉइंटचं सैन्य, आणि आठ पाळ्या झेंडा टिकला की गड जिंकला. खरा रामशेज मोगलांपुढे पाच वर्षांहून जास्त टिकला होता, तेव्हा आठ पाळ्या मागणं फार नाही. गड कोण घेणार यावर भांडण होईल, ते तुम्ही मिटवा.

सकाळी १० ला या. ६०० रुपये पाकिटात काउंटरवर ठेवले आहेत, खेळायला आला नाहीत तरी कधीही घेऊन जा. टेबलाशी तुमच्यासाठी तिसरी खुर्ची लावते.