“काका, तुम्ही काम काय करायचात?”

गेल्या महिन्यात बाबांच्या मानेचा एमआरआय काढला. हात बधिर पडत होता म्हणून. काउंटरवर इंग्रजी फॉर्म हातात आला. शरीरात धातू आहे का, पेसमेकर आहे का, रॉड, प्लेट, स्टेंट? मागे रांग होती. मी बाबांना न विचारताच सगळीकडे ‘नाही’वर खूण केली आणि सही करून टाकली. बाबांचं एकही ऑपरेशन झालेलं नाही, हे मला माहीत होतं ना!

आतल्या तंत्रज्ञ मुलीने फॉर्म पाहिला, बाजूला ठेवला आणि थेट बाबांकडे वळली. “काका, रिटायर व्हायच्या आधी काम काय करायचात?”

“टर्नर होतो. भोसरीला. बत्तीस वर्षं.”

“ग्राइंडिंग पण?”

“सगळंच.”

“डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?”

“किती वेळा गेला ते विचारा,” बाबा म्हणाले. शेजारच्या मशीनवरचा माणूस रुमालाचं टोक पिळून कण काढायचा आणि शिफ्ट पुढे चालू. एकदा निघालाच नाही, तेव्हा डॉक्टरकडे गेले होते. मी त्यांची मुलगी. हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

तिने एमआरआय थांबवून आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायला लावला. लोखंडाचा बारीकसा कण डोळ्यात वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो. एमआरआयचं मशीन म्हणजे एक प्रचंड चुंबकच. त्यात तो कण हलला तर आत रक्तस्राव होऊ शकतो, दृष्टी जाऊ शकते. बाबांचा एक्स-रे स्वच्छ आला आणि दुपारी एमआरआय झाला. पण माझ्या हातची ती सही मनातून जात नाही.

नेहमीचं १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीन पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३०,००० पट ताकदीचं असतं. आणि ते दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत बंद होत नाही. द्रवरूप हेलियममध्ये थंड ठेवलेलं ते चुंबक रात्रंदिवस चालू असतं, खोलीत आवाज नसला तरी. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात नातेवाइकासोबत आलेला ३२ वर्षांचा तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, सिलिंडरसकट मशीनकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे असं आपल्याला सांगितलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. ज्याचा एमआरआयच नव्हता, तो गेला. म्हणून आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायला हवं, सोबतच्या माणसालाही.

“सोनं कुठे चुंबकाला चिकटतं, मग नाकातली फुली कशाला काढायची?” हे मी बायकांकडून कितीदा तरी ऐकलंय. सोनं खेचलं जात नाही हे खरं. पण एमआरआयमध्ये रेडिओ लहरीही असतात आणि त्यांनी धातू तापू शकतो, कातडी भाजू शकते. नाकातली फुली, बेंबीतली रिंग, जोडवी, सगळं काढायचं. केसांतले आकडे आणि साडीच्या सेफ्टी पिना तर आठवणीने, कारण त्या खेचल्या जातात. फुली निघतच नसेल तर लपवू नका, आधी सांगा. आईने मंगळसूत्र काढायला साफ नकार दिला होता, तेव्हा आजीने दोऱ्यात हळकुंड बांधून तिच्या गळ्यात घातलं. आई शांतपणे आत गेली. त्यासाठी बायकांवर ओरडायची काही गरज नसते.

उलट बाजूचंही दुःख आहे. “पायात रॉड आहे, एमआरआय होणार नाही” असं परस्पर ठरवून लोक घरी बसतात. हाडातल्या टायटॅनियमच्या रॉड-प्लेटने सहसा एमआरआय अडत नाही, फार तर त्या भागाचं चित्र बिघडतं. आजकालच्या बहुतेक स्टेंटचंही तसंच. पेसमेकरला पूर्वी सरसकट नाही म्हणत. आता ठरावीक अटींवर एमआरआय चालणारे पेसमेकर मिळतात, फक्त स्कॅनपुरतं त्यांचं सेटिंग बदलावं लागतं. ऐकू यावं म्हणून कानात बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये स्वतःचंच चुंबक असतं, त्याची काळजी वेगळी. मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली जुनी क्लिप मात्र खरोखर जिवावर बेतू शकते. यातलं काय आपल्या माणसाच्या शरीरात आहे, हे कंपनी आणि मॉडेल कळल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. ते लिहिलेलं कार्ड किंवा स्टिकर ऑपरेशनच्या फाइलमध्ये असतं, आणि घर बदलताना आपण ती फाइल रद्दीत देतो!

माझं स्पष्ट मत आहे की डिस्चार्ज देताना हे कार्ड रुग्णाच्या हातात, समजावून, दिलंच पाहिजे. आणि एमआरआयचा फॉर्म मराठीत हवा, तो रुग्णाला तोंडी विचारून भरायला हवा. ‘शरीरात धातू आहे का’ या प्रश्नाला माझे बाबा ‘नाही’च म्हणाले असते. ‘काम काय करायचात’ या प्रश्नाला त्यांनी बत्तीस वर्षं सांगितली.

घरी आल्यावर बाबांनी जुन्या कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे सगळं लिहिलं. रात्री एका काकांचं उत्तर आलं, “माझ्या डाव्या डोळ्यात आहे अजून. डॉक्टर म्हणाले होते, त्रास नाही तर राहू दे.” बाबांनी लगेच त्यांना फोन लावला, मुलाला फोनवर बोलावलं आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यायला लावलं.