सापाच्या अंड्यांवर रोज पाणी शिंपडू नका

खानापूर-निपाणी पट्ट्यात सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बांध फोडताना सापाची अंडी सापडली तर ओल्या वाळूत ठेवा, रोज पाणी शिंपडा, पिल्लं निघतील.’ हे चूक आहे.

सापाच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं. भोवतीचा ओलावा ते शोषून घेतं. अंड्याला दमट हवा लागते, पण अंगावर पाणी नको. थेट पाणी पडत राहिलं की बुरशी धरते, आतला जीव गुदमरतो. जाणकार अंडी ठेवायला व्हर्मिक्युलाइट (पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज) घेतात आणि त्यात वजनाला वजन पाणी मिसळतात. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, थेंब मात्र गळू नये, इतकीच ओल. झाकणाला साचलेले थेंबही अंड्यावर पडू देत नाहीत. अंडं मध्येच पिचकलं तर ओल वाढवतात ती बाजूच्या थरात. आणि अंडं फिरवायचं नाही, आतला गर्भ मरू शकतो.

त्याच मेसेजमध्ये ‘घोणशीची अंडी’ असाही उल्लेख आहे, पण ती तर नसतातच. घोणस थेट पिल्लं देते.

कृपा करून घरी हा प्रयोग करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण अंड्यांनाही आहे. अंडी दिसली तर होती तशी माती सारा आणि वनखात्याला कळवा.