लोण्यातले पाणी

एप्रिल महिन्याच्या किराणा बिलात बटरचे 500 ग्रॅमचे तीन पुडे आढळले, तेव्हा माझ्या नकळत घरात एखादे उपाहारगृह चालू आहे की काय, अशी शंका मला आली. आमचे कुटुंब पाच माणसांचे आहे: आई, पत्नी, दोन मुले आणि बिले वाचणारा मी. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की मुलगा डोशावर, मुलगी पावावर आणि पत्नी पावभाजीत बटर घालते, आई कशातच घालत नाही आणि मी रात्री फ्रीज उघडून नुसते पावाला लावून खातो. यातले शेवटचे कलम मुलीने कोणी विचारले नसताना जोडले.

विषय बदलण्यासाठी मी बटरच्या शुद्धतेचे नियम वाचायला घेतले आणि तिथेच घात झाला. बटरमध्ये किमान 80 टक्के दुधाचा स्निग्धांश असावा लागतो, मात्र पाणी 16 टक्क्यांपर्यंत असले तरी नियमाला चालते. म्हणजे 500 ग्रॅमच्या पुड्यात 80 ग्रॅमपर्यंत आणि महिन्याच्या तीन पुड्यांत 240 ग्रॅमपर्यंत पाणी आम्ही लोण्याच्या भावाने विकत घेत होतो, आणि तेही डोंबिवलीत नळाला पाणी येत असताना! मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केले की आजपासून बटर बंद, घरात दूध येते, त्याला साय येते, तेव्हा लोणी घरीच निघेल. (विकतचे ते बटर आणि घरचे ते लोणी, हा भेद आमच्या घरात पूर्वीपासून आहे, वस्तू एकच असली तरी प्रतिष्ठा वेगळी असते.) पत्नीने फक्त एवढेच विचारले, "कोण काढणार?" मी म्हणालो, "मी." आईने हातातली जपमाळ थांबवून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा सुरू केली. सातारा जिल्ह्यातल्या तिच्या माहेरी दोन म्हशी होत्या, डेरा होता, घुसळखांब होता आणि लग्न होईपर्यंत पहाटेची रवी तिच्याकडे होती. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

आमच्याकडे रोज दीड लिटर म्हशीचे दूध येते. या दुधात साधारण सहा टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे लिटरामागे 60 ग्रॅमच्या आसपास. नऊ दिवसांचे साडेतेरा लिटर दूध, त्यात 810 ग्रॅम स्निग्धांश, हे गणित मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडून स्वयंपाकघरात टांगले. मात्र दुधातला सगळा स्निग्धांश सायीबरोबर वर येत नाही, बराचसा दुधातच राहून चहात जातो, ही गोष्ट गणितात नव्हती. ती लक्षात आल्यावर मी नियम केले. दूध मंद आचेवर तापवायचे, उतू जाऊ द्यायचे नाही, निवेपर्यंत पातेल्याला धक्का लावायचा नाही, मग चार-पाच तास फ्रीजमध्ये ठेवायचे आणि साय अखंड पोळीसारखी उचलली जाईपर्यंत कोणीही चहा मागायचा नाही. मुलगा लहानपणापासून सकाळी साय-साखर खातो. त्याचा तो हक्क काढून घेतल्यावर त्याने आजीकडे दाद मागितली आणि आजीने तिच्या वाटणीची साय त्याला दिली, जी मुळात माझ्या वाटणीची होती. सहाव्या दिवशी पत्नी चहाचा कप उजेडात धरून म्हणाली, "अहो, या चहातून तुमचे गणित दिसते."

त्याच दिवशी आईने सायीचे पातेले उघडून हुंगले आणि विरजण कधी लावले, असे विचारले. नुसती साय फ्रीजमध्ये ठेवली तरी आठवडाभरात ती कडवट होऊ लागते, म्हणून पहिल्याच दिवशी तिला चमचाभर दही लावायचे आणि पुढची साय त्यातच मिसळत जायचे, हे माझ्या नियमांत नव्हते. आईने कडेचा पिवळसर पडलेला थर काढून टाकला, उरलेली साय फ्रीजबाहेर काढून तिला कवडीसारखे घट्ट दही लावले आणि मला काहीही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

लोणी काढण्याचा मुहूर्त मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी बारा वाजता निघाला, कारण त्याआधी मी वर्तमानपत्र वाचत होतो. लाकडी रवी घरात आहे, पण ती भिंतीवर शोभेसाठी लावलेली असून तिच्या पाकळ्यांमध्ये मुलाने दिव्यांची माळ अडकवली आहे. म्हणून मी सायीचे दही मिक्सरच्या मोठ्या भांड्यात भरले आणि बटण दाबले. पहिल्या दोन मिनिटांत त्याचा फेस झाला, पाचव्या मिनिटाला फेस वाढून झाकणाला टेकला आणि दहाव्या मिनिटाला झाकणाच्या वायसराने हार मानली. साय फोडणीच्या डब्यावर, गॅसच्या नळीवर आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूच्या गणितावर उडाली. लोणी मात्र येईना. मी अधिक जोरात फिरवले, तसे भांडे गरम झाले आणि आतला ऐवज मलमासारखा दिसू लागला.

आईने बाहेरच्या खोलीतून विचारले, "बर्फ घातलास का?"

तिने हे शास्त्र म्हणून सांगितले नव्हते, पण शास्त्र तेच आहे. दुधातला स्निग्धांश बारीक गोळ्यांच्या रूपात असतो आणि प्रत्येक गोळीभोवती एक पातळ आवरण असते. घुसळण्याच्या धक्क्यांनी ती आवरणे फाटली की गोळ्या एकमेकींना चिकटून लोण्याचे कण होतात. पण त्यासाठी स्निग्धांश जरा घट्ट, जरा मऊ असावा लागतो. फार गार असला तर गोळ्या चिकटत नाहीत, फार गरम असला तर वितळून दह्यात पसरतात आणि कितीही घुसळले तरी हाती येत नाहीत. म्हणून आमच्या आजोळी उन्हाळ्यात पहाटे, गार पाण्यात ताक घुसळत आणि थंडीत त्याच डेऱ्यात कोमट पाण्याचा हबका मारत. मे महिन्यात, भर दुपारी, तापलेल्या मिक्सरमध्ये लोणी मागणारा त्या कुळातला पहिला माणूस मीच असावा.

मग फ्रीजमधला बर्फाचा पूर्ण साचा रिकामा झाला आणि गार पाण्याच्या दोन बाटल्याही त्याच वाटेने गेल्या. मिक्सर थांबून थांबून, चमच्याने दाबल्यासारखा फिरवायचा, हेही आईनेच बसल्या जागेवरून सांगितले. चौथ्या वेळी भांड्यातला घरघरीचा आवाज एकदम बदलून छपछप असा झाला. मला तो कळला नाही. बाहेरून आई म्हणाली, "बंद कर, लोणी आलं." माझे बोट बटणावर, डोळे भांड्यात आणि तरी निकाल तिला आधी लागला.

लोणी 440 ग्रॅम भरले. ते गोळा करून तीन पाण्यांनी धुतले, वाडग्यात ठेवले आणि घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवले. पांढरेशुभ्र होते. मुलीने ते पिवळे का नाही, असे विचारले, तेव्हा म्हशीच्या दुधात गाईच्या दुधासारखे पिवळे रंगद्रव्य नसते आणि पुड्यातल्या बटरला सहसा रंग दिलेला असतो, यावर मी उभ्याउभ्या सात मिनिटे बोललो. मुलाने भाकरीवर लोणी घेऊन चाखले आणि म्हणाला, "बाबा, यात मीठ नाही."

इथपर्यंतचा विजय निर्विवाद होता. पण ओट्याच्या दुसऱ्या टोकाला दोन पातेली उभी होती आणि त्यांत साडेतीन लिटर ताक होते.

ज्याने कधी लोणी काढले नाही त्याला हे सांगून पटणार नाही, पण घरच्या लोण्याचा खरा माल ताक हाच असतो. लोणी हे त्यावर तरंगणारे निमित्त आहे. फेकून द्यावे तर काटकसरीच्या सगळ्या मोहिमेवरच पाणी, म्हणून पुढचे चार दिवस आमच्या स्वयंपाकघरात ताक सोडून दुसऱ्या कशाचा विचार झाला नाही. रविवारी संध्याकाळी कढी झाली. सोमवारी सकाळी तांदळाची उकड, लसणाच्या फोडणीची, हिरव्या मिरचीची, आणि ती खरोखर उत्तम झाली होती, हे मी इथे नोंदवून ठेवतो, कारण त्यानंतरचे पदार्थ मी आठवू इच्छित नाही. दुपारी ताकातला पालक, रात्री ज्वारीच्या पिठाची आंबील, मंगळवारी ताकात भिजवलेल्या रव्याची धिरडी, बुधवारी पुन्हा कढी, फक्त या वेळी तिच्यात भजी सोडून तिला वेगळे नाव दिले होते. मधल्या वेळी आईने अर्धा किलो मिरच्यांना चिरा देऊन त्या मीठ-हिंग घातलेल्या ताकात बुडवल्या आणि गॅलरीत वाळत घातल्या. चार दिवसांत केवळ त्या मिरच्यांनी तक्रार न करता ताक पोटात घेतले.

ताकाला जाऊन भांडे लपवू नये, असे लहानपणी शिकलो होतो. आमच्या इमारतीत मी ताकाचे भांडे घेऊन जिना चढू लागलो की शेजारीच आपली भांडी लपवू लागले. दुसऱ्या मजल्यावर मुलाला खोकला होता, चौथ्या मजल्यावर सांधे दुखत होते आणि पाचव्यावर दिवा चालू असूनही कोणी घरी नव्हते. केवळ तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिटरभर ताक हसतमुखाने घेतले आणि भांडे नंतर पाठवते म्हणाल्या. मला त्यांच्याविषयी एकदम आपुलकी वाटली.

उरले लोणी. त्यातले 140 ग्रॅम थालीपिठांवर आणि भाकऱ्यांवर गेले. ते पावभाजीत घालण्याचा प्रयोग एकदाच झाला; तव्यावर पडताच ते असे तडतडले की पत्नी दोन पावले मागे सरली आणि मुलगी म्हणाली, "आई, यात पाणी आहे." मी तिकडे दुर्लक्ष केले. उरलेले 300 ग्रॅम लोणी शुक्रवारी कढवायला घेतले. तूप कढताना आधी फेस येतो, मग पाणी उडून जाईपर्यंत ते कडकडत राहते आणि आवाज शांत झाला की तळाची बेरी बदामी होत असते. नेमक्या त्या शांततेत सोसायटीच्या पाणीपट्टीसंबंधी फोन आला. बदामी होऊन गेलेली बेरी मी परतल्यावर कॉफीच्या रंगाची झाली होती. आईने एकच वाक्य उच्चारले, "तुपाकडे पाठ करू नये."

तूप गाळून वजन केले तेव्हा ते 215 ग्रॅम भरले. 300 मधून 85 ग्रॅम गेले. त्यात बेरी दीड चमचा, बाकी सगळे पाणी. मी तीन पाण्यांनी लोणी धुतले होते, पण ते हाताने दाबून निथळायचे असते, हे त्या दिवशी कळले. कारखान्याच्या 300 ग्रॅम बटरमध्ये नियमाने 48 ग्रॅमपेक्षा जास्त पाणी चालत नाही. मी हा आकडा कोणाला सांगितला नव्हता, पण कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर, वाळलेल्या सायीच्या डागांखाली, मुलीने तो लाल पेनाने आधीच लिहून ठेवला होता. शेजारी मिक्सरच्या नव्या वायसराचे आणि दुरुस्तीचे 350 रुपयेही मांडले होते.

शनिवारी सकाळी शेवटचे ताक संपले. पातेली घासून पालथी घातली, आईने मिरच्यांचे ताट उन्हात सरकवले, पत्नीने सायीसकट दुधाचा चहा केला आणि त्यावर कोणी हरकत घेतली नाही. पहिला घोट घेतला तोच दारावरची घंटा वाजली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आमचे भांडे घेऊन आल्या होत्या. कोणाचे भांडे रिकामे परत करू नये, ही रीत त्या काटेकोर पाळतात. त्यांनी ते दोन्ही हातांनी, सांडू नये म्हणून जपून, माझ्या हाती दिले आणि म्हणाल्या, "तुमचं पाहून मीही काल लोणी काढलं बरं का. घ्या, ताजं आहे. अजून तीन लिटर आहे घरी."