घटस्फोट रखडवू इच्छिणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर अक्षरशः पाळता येते, कारण पायरीच्या अलीकडेच छत्रीखाली टेबल मांडून बसलेली टायपिस्ट आणि नोटरी मंडळी आपल्याला ती न चढताच मोकळे करून देतात. पूर्वी हे काम शंभराच्या स्टॅम्पपेपरवर भागत असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने शंभराचे मुद्रांक शुल्क पाचशेवर नेल्यामुळे सोडचिठ्ठीही चारशे रुपयांनी महागली, परंतु जन्मभराची कटकट एवढ्यात मिटत असेल तर घासाघीस करण्यात अर्थ नाही.

एका नातेवाइकाबरोबर अशाच एका टेबलापाशी मी पाऊण तास उभा होतो. टायपिस्टने मान वर न करता ‘संमतीने ना?’ एवढेच विचारले, संगणकातला तयार मसुदा उघडला आणि नावे बदलली. छापून आलेल्या कागदात नवरा-बायको आमचेच होते; मात्र तिसऱ्या परिच्छेदात त्यांना दोन मुली झाल्या होत्या आणि त्यांचा ताबा जुन्नरला राहणाऱ्या आजीकडे दिला होता. आमच्या नातेवाइकाला मूलबाळ नाही. ‘व्हाइटनर मारू की नवीन प्रिंट काढू? प्रिंटचे दहा रुपये पडतील,’ असे टायपिस्टने अत्यंत सचोटीने विचारले. आम्ही नवीन प्रिंट घेतली.

या कागदाने घटस्फोट होत नाही, हा त्यातला एक किरकोळ दोष. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली विवाह मोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, नोटरीच्या शिक्क्याला नाही, आणि २०२४ मध्ये केंद्राच्या विधी विभागाने नोटरींना तसे बजावलेही आहे. काही समाजांत रूढीने चालत आलेली काडीमोड कायदा मानतो, पण ती रूढी पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते. आपण मात्र तो कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून कपाटात ठेवावा आणि त्याच्या भरवशावर दुसरे लग्न उरकावे, म्हणजे पहिल्या पत्नीला द्विविवाहाची तक्रार करता येते. त्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कारावास आहे आणि तिथे स्टॅम्पपेपर लागत नाही.

कायदेशीर रस्ता इतका सरळ आहे की त्यावर नातेवाइकांना करण्यासारखे काहीच उरत नाही. दोघांना एक वर्ष वेगळे राहून झाले असेल आणि दोघेही राजी असतील, तर कलम १३-ब खाली एकत्र अर्ज करायचा, सहा महिने थांबायचे आणि पुन्हा जाऊन तेच सांगायचे. हे सहा महिनेसुद्धा योग्य प्रकरणात माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात म्हटले आहे. मामांना, आत्याच्या जावयाला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना यात बोलायला कुठे जागा आहे? म्हणून आपण संमतीचा विचार सोडावा आणि वकील शोधताना फक्त एकच प्रश्न विचारावा : ‘तुम्ही तिला रडवाल का?’ (बाईंनी ‘त्याला’ असे वाचावे.) अशिलाला आधी पाणी देऊन ‘दोघे एकदा शांतपणे बोललात का?’ असे विचारणारा वकील आढळल्यास तेथून ताबडतोब उठावे. पोटगीच्या रकमेत टक्का मागणारा भेटला तर मात्र तोच आपला माणूस. बार कौन्सिलच्या नियमांनी अशी टक्केवारी निषिद्ध ठरवली आहे, पण जो स्वतःच्या व्यवसायाचे नियम मोडतो तो आपल्यासाठी काय काय मोडेल, याचा विचार करून आपल्याला भरून यावे. फीची पावती मागून अशा माणसाचा अपमान करू नये.

वकील आणि डॉक्टर यांच्यापासून काही लपवू नये असे आपले वडील सांगत असत, परंतु त्यांचा घटस्फोट झालेला नव्हता. आपण पगार निम्मा सांगावा. घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटचा हप्ता पत्नीच्या खात्यातून जातो, ही बाब उलटतपासापर्यंत राखून ठेवावी. भावाच्या नावाने घेतलेल्या गाडीचा तर विषयच काढू नये. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावी लागतात, सोबत बँकेचे उतारे आणि आयकर विवरणपत्रे येतात, आणि त्यात दरमहा एक तारखेला भावाच्या खात्यावर गेलेले साडेअठरा हजार रुपये आपल्याच वकिलाला समोरच्या वकिलाच्या तोंडून कळतात. त्या क्षणी आपल्या वकिलाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. नोकरी सोडून निर्धन होण्याची युक्ती आपल्याला व्हॉट्सॲपवर आली असेलच. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसले पाहिजे, अशी न्यायालयाची जुनाट समजूत असल्याने ती युक्ती फक्त आपल्या गृहकर्जावर परिणाम करते.

समन्स आले तर घेऊ नये. बेलिफाला पाहून दार लावून घेणे ही आपल्याकडे वकिली समजली जाते. समन्स नाकारले तरी ते बजावल्याचे धरता येते आणि प्रकरण एकतर्फी चालू शकते. पुढे तो एकतर्फी हुकूम रद्द करून घेण्याचा वेगळा अर्ज, वेगळी फी आणि वेगळ्या तारखा असा सगळा प्रपंच उभा राहतो, जो आपल्याला हवाच आहे.

कौटुंबिक न्यायालये १९८४ च्या कायद्याने निघाली ती मुळात समेटाचा प्रयत्न व्हावा म्हणून. तिथे वकिलामार्फतच बाजू मांडण्याचा हक्क कोणालाही नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. पक्षकारांनी स्वतःच्या तोंडाने बोलावे, ही त्यामागची भाबडी कल्पना. समुपदेशकाने दोघांनाच आत बोलावले, तरी आपण आई, थोरली बहीण आणि मेहुणे यांना दारापर्यंत आणावे, म्हणजे आत ठरलेले बाहेर येईपर्यंत मोडते. मुलाला भेटीच्या दिवशी हटकून ताप यावा.

तारखेच्या बाबतीत आपण सर्वस्वी वकिलांच्या कारकुनावर विसंबावे. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले ते फोनवर फुकट दिसते. ही माहिती मिळाली तर ‘साहेब रजेवर होते’ या वाक्याची सगळी गोडीच जाते. वकील बदलायचा झाल्यास, फी थकली म्हणून ते कागद देणार नाहीत, असे खुशाल मानून चालावे. फीसाठी कागदपत्रे अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितले आहे, पण आपण ते ऐकलेले नाही.

शेवटी एका जागेपासून मात्र सावध राहावे. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न काहीही असो, तेथून विनामूल्य वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर फोन लावूनही विचारता येते. आमच्या नातेवाइकाची पत्नी प्रिंटची वाट पाहताना उन्हाला कंटाळून त्या बाजूला गेली होती. दाराशी बसलेल्या बाईंनी ‘काय काम होतं, ताई?’ असे आपुलकीने विचारले. तिने आत डोकावून पाहिले, बाक रिकामे होते, पंखा चालू होता. ‘काही नाही,’ ती म्हणाली, ‘झेरॉक्स कुठे मिळेल?’