स्टॉकफिशला ग्राफिक्स कार्ड लागत नाही

स्टॉकफिश म्हणजे बुद्धिबळाच्या चाली तपासणारा संगणकावरचा प्रोग्राम, अर्थात इंजिन. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांत त्याबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘स्टॉकफिशमध्ये आता न्यूरल नेटवर्क आहे, त्यामुळे महागडं ग्राफिक्स कार्ड असल्याशिवाय ते नीट चालत नाही.’ पहिला अर्धा भाग खरा, दुसरा साफ चूक.

सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या स्टॉकफिश १२ पासून त्यात एनएनयूई हे न्यूरल नेटवर्क, म्हणजे पटावरची स्थिती जोखायला उदाहरणांतून शिकलेली गणिती रचना, आहे. पण ते मुळात शोगी या जपानी खेळासाठी, साध्या प्रोसेसरवर वेगाने चालावं म्हणूनच घडवलेलं. एका चालीत पटावरचं एखाद-दुसरं मोहरंच हलतं. मग सगळं गणित पहिल्यापासून न मांडता तेवढीच वजाबाकी-बेरीज करायची, ही त्यातली गोम. कार्ड कितीही भारी असो, स्टॉकफिश त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. कार्डाचा खरा उपयोग लीला चेस झीरो या दुसऱ्या बुद्धिबळ इंजिनाला. गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा.

पैसे घालायचेच तर जास्त कोअरच्या प्रोसेसरवर घाला. त्याआधी हातातल्या मशीनचं सेटिंग तरी उघडून पाहा: इंजिनाच्या मूळ सेटिंगमध्ये थ्रेड (एका वेळी किती कोअर राबवायचे) १ आणि हॅश (तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवायची मेमरी) १६ एमबी, एवढंच असतं. आठ कोअरचं मशीन घ्यायचं आणि राबवायचा एकच! प्रोसेसरला चालत असेल तर एव्हीएक्स-२ची (प्रोसेसरच्या वेगवान गणिती आज्ञा वापरणारी) आवृत्ती उतरवा. स्टॉकफिशच्या काळ्या खिडकीत ‘बेंच’ (bench) अशी आज्ञा दिली की सेकंदाला किती नोड, म्हणजे पटावरच्या स्थिती, तपासले, तो आकडा शेवटच्या ओळीत येतो. नवं मशीन घेताना दुकानातच तो बघून घ्या.