सीमावाद असला की युरोपीय संघाचं दार बंद? तसं नाही

दादरच्या अभ्यासिकांमधल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘सीमावाद असलेल्या देशाला युरोपीय संघात प्रवेश मिळत नाही, तसा नियमच आहे.’ हे चूक आहे. सायप्रस 2004 मध्ये सदस्य झाला तेव्हा बेटाचा उत्तर भाग त्याच्या सरकारच्या ताब्यात नव्हता, आजही नाही.

शेजाऱ्यांशी वाद शांततेने सोडवावेत अशी अपेक्षा असते, हे खरं. पण खरी मेख वेगळीच आहे. नव्या सदस्याला सगळ्या जुन्या सदस्यांची संमती लागते, त्यामुळे आधी आत गेलेला शेजारी मागच्याची वाट अडवू शकतो. पिरानच्या आखातातल्या सागरी हद्दीवरून स्लोव्हेनियाने 2008 च्या अखेरीस क्रोएशियाच्या वाटाघाटी रोखल्या. 2009 मध्ये प्रकरण लवादाकडे सोपवायचं ठरलं, तेव्हा कुठे गाडी हलली. 1 जुलै 2013 ला क्रोएशिया सदस्य झाला. निकाल तेव्हा अजून लागायचाच होता! तो आला 2017 मध्ये, आणि क्रोएशियाने तो सरळ धुडकावला, कारण 2015 मध्येच हा देश लवादातून बाहेर पडला होता. सदस्यत्व मात्र कायम आहे.

परीक्षेत ‘सीमावाद म्हणजे आपोआप अपात्रता’ असा पर्याय दिसला, तर तो खोडा.