‘एआय आलं, डॉक्टर संपले’ वाल्या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय. एआय डॉक्टरपेक्षा अचूक निदान करतं, रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे, सीटी बघून निदान करणारे डॉक्टर) संपले, रोबोट आता स्वतःच ऑपरेशन करतो, त्यामुळे रिपोर्ट चॅटबॉटला दाखवा आणि फी वाचवा. पाठवणाऱ्या काकांचा राग नाही, पण एकेक मुद्दा बघूच.

रेडिओलॉजिस्ट संपले म्हणे. हे एआयमधले दिग्गज शास्त्रज्ञ जेफ्री हिंटननी 2016 मध्येच सांगितलं होतं, की नवीन रेडिओलॉजिस्ट घडवणं बंद करा, पाच, फार तर दहा वर्षांत मशीन पुढे जाईल. माणूस साधा नाही, 2024 चं फिजिक्सचं नोबेल आहे त्यांच्याकडे, तरी अजून एमडी रेडिओलॉजीची सीट मिळवायला पोरं नीट-पीजी परीक्षेत जीव काढतायत.

मग अचूकतेचं. मेसेजमध्ये स्वीडनचा मॅमोग्राफीचा (स्तनांच्या एक्स-रेचा) अभ्यास टाकलाय आणि तो खरा आहे, 80 हजार बायका, एआयच्या मदतीने कॅन्सर थोडे जास्तच सापडले आणि डॉक्टरांचं एक्स-रे बघायचं काम 44 टक्के कमी झालं. फक्त तिथे प्रत्येक मॅमोग्राम एरवी दोन डॉक्टर बघतात, एआयने कमी धोक्याचे ठरवलेले एकाने बघितले आणि जास्त धोक्याचे दोघांनीच. डॉक्टर कुठेही गेला नव्हता, आणि नेमकं हेच वाक्य मेसेजमधून गेलंय!

याच्या उलट गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही. अमेरिकेत हॉस्पिटलांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एपिक कंपनीचं सेप्सिस (इन्फेक्शनमुळे जीवावर बेतणारी अवस्था) ओळखणारं एआय मॉडेल शेकडो हॉस्पिटलांत चालू होतं, 2021 मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी आपल्याच पेशंटवर तपासलं तर दोन तृतीयांश सेप्सिस त्याने पकडलेच नव्हते, आणि अलर्ट मात्र इतके की नर्स-डॉक्टरांनी बघायचे तरी किती. आणि चूक नेहमी अशी आकड्यात दिसते असंही नाही. न्यूमोनियाच्या पेशंटांवर बनवलेलं एक मॉडेल होतं, त्याने डेटावरून शोध लावला की दमा असेल तर मरायचा धोका कमी. कोणताही एमबीबीएस हसेल. झालं असं होतं की दमेकऱ्यांना न्यूमोनिया झाला की थेट आयसीयूत नेत होते आणि म्हणून ते वाचत होते, पण मॉडेलला आयसीयू दिसलंच नाही, त्याच्या हिशोबाने त्यांना घरी पाठवलं तरी चाललं असतं.

एआय कुठेच कामाचं नाही असंही म्हणत नाहीये मी. टीबीच्या स्क्रीनिंगसाठी एक्स-रे वाचायला डब्ल्यूएचओने 2021 मध्ये त्याला मान्यता दिली, आपल्या मुंबईची क्युअर डॉट एआय ही कंपनी त्याच कामात आहे, आणि जिथे रेडिओलॉजिस्टच नाही तिथे हे मोठं काम आहे. पण ते फक्त संशयित वेगळे काढतं, टीबी आहे की नाही हे सहसा थुंकीच्या तपासणीवरच ठरतं.

रोबोटचं एका ओळीत: ऑपरेशनचा दा विंची रोबोट सर्जन कन्सोलवर (त्याच्या कंट्रोलपाशी) बसून चालवतो, त्याचे हात हलले तरच रोबोट हलतो, आणि चिरायचं की नुसत्या औषधावर ठेवायचं हेही सर्जनच ठरवतो.

राहिली फी. चॅटबॉटला तुम्ही टाइप केलं तेवढंच कळतं. अपेंडिक्सची शंका असली तर पोट उजवीकडे खाली दाबून हात पटकन सोडल्यावर जास्त दुखलं का, हे बघायला कोणाचा तरी हात पोटावर लागतो, आणि अपेंडिक्स फुटलं तर बिल त्या फीच्या कितीतरी पट येतं काका.